पाच धातूंची बाटली, बुऱ्हाणपूरमार्गे

शोभाच्या लग्नापासून मी बुऱ्हाणपूरला जातो आहे. शोभा माझी मावसबहीण. आतापर्यंत तिकडे नेलं ते पेढे, साड्या आणि एकदा एक शिलाई मशीन. या वेळी माझ्याकडे बोटाएवढी काचेची बाटली होती. तिच्यात काय होतं ते मला नीट सांगता येत नव्हतं, आणि जाऊन आल्यावरही फारसं येत नाही. तरी इतक्या जणांनी विचारलं की घडलं ते क्रमाने लिहून काढतो.

संगमनेर

माझी मुलगी केतकी पुण्याला पीएचडी करते. पाच धातूंचे अतिसूक्ष्म कण बनवायचे, हे तिचं काम. प्लॅटिनम, रुथेनियम, लोखंड, कोबाल्ट आणि निकेल. प्रत्येक कणात पाचही धातू एकजीव झालेले हवेत, आणि कण दोन नॅनोमीटरचा हवा. केसाच्या जाडीत असे चाळीसेक हजार कण शेजारी शेजारी बसतील. हे कण असले की पाण्यातून हायड्रोजन काढायला वीज कमी लागते, आणि कण स्वतः संपत नाहीत.

"विरजणासारखं," मी म्हणालो. मी दूध संकलनाच्या कामात आहे, त्यामुळे माझी उदाहरणं तिथलीच.

"नाही बाबा. विरजण वाढत जातं. हे वाढतही नाही आणि संपतही नाही."

"मग करतं काय?"

"नुसतं असतं. त्याच्या अंगावर काम होतं."

मला हे पटलं नाही, पण आकडा पटला. एक सेंटिमीटरचा धातूचा फासा घेतला तर त्याच्या सहाही बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर भरतात. तोच फासा दोन नॅनोमीटरच्या तुकड्यांत कापला, तर सगळ्या तुकड्यांच्या बाजू मिळून तीन हजार चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ तीस गुंठे. मी दोनदा गुणाकार करून पाहिला. धातू तेवढाच, आणि रान तीस गुंठ्यांचं. काम जर अंगावरच होत असेल, तर कण लहान का हवा एवढं मला समजलं.

अडचण अशी की हे कण एकमेकांना चिकटायला टपलेले असतात. म्हणून प्रत्येकाभोवती एक पातळ वेष्टन असतं. ऊन लागलं, गोठलं, कुठून भलतं काही मिसळलं, की ते वेष्टन सुटतं, कण एकत्र येतात आणि सगळं वाया जातं.

"म्हणजे नासतं," मी म्हणालो.

"हो. नासतं म्हणा."

"दूध नासलं की दिसतं. हे नासलं तर कसं कळणार?"

"मोठ्या मायक्रोस्कोपखाली. तोपर्यंत नाही."

आधीही काळं, नंतरही काळं. दोन्हींत फरक काय, हे बनवणारीलाही डोळ्यांनी सांगता येत नाही. माझा गोंधळ सुरू झाला तो इथे.

तसा मायक्रोस्कोप इंदूरच्या एका संस्थेत होता आणि सोमवारची वेळ मोठ्या मिनतवारीने मिळाली होती. तिने बरेच प्रयत्न केले होते, त्यांतली ही एकच खेप तिला बरोबर वाटत होती. तशीच दुसरी साधत नव्हती. तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या खेपेचं चित्र आणि हायड्रोजन किती निघतो त्याचा आकडा इंदूरहून आला नाही तर हा विषय सोडायचा आणि नवा घ्यायचा. म्हणजे तीन वर्षं पाण्यात. ती बाटली घेऊन पुण्याहून निघाली, वाटेत घरी एक रात्र थांबली, आणि सकाळी तिच्या अंगावर कांजिण्या उठल्या.

शोभाच्या नातवाचं जावळ रविवारी होतं, मला बुऱ्हाणपूरला जायचंच होतं. तिथून इंदूर बसने पाचेक तासांवर. केतकीच्या आईने तिच्या अंगाला कडुलिंबाचा पाला लावत म्हटलं, "तुझे बाबा दुधाचे नमुने जपतात, तुझी बाटली जपणार नाहीत का?"

केतकीने मला तीनच गोष्टी सांगितल्या. वीस अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. गोठू द्यायचं नाही. उघडायचं नाही. झाकणाच्या मधोमध रबराची गोळी होती, तिच्यातून तिने एकदा सुई घालून थेंब काढला होता. मी आमच्या कामावरची नमुन्यांची बर्फपेटी घेतली, थर्मामीटर घेतला आणि निघालो.

लालबाग, शनिवार

मनमाडपासूनच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की भुसावळच्या पुढे एका गृहस्थांनी पेटीत काय आहे विचारलं आणि मी खरं सांगितल्यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

बुऱ्हाणपूरचं स्टेशन लालबागमध्ये आहे आणि शोभाचं घरही. दाजी, म्हणजे तिचे यजमान, कागद कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. ते घ्यायला आले होते. ऊन असं होतं की स्कूटरची सीट ओल्या पंचाने पुसून मगच बसता आलं. गावातल्या बोलण्याची सवय व्हायला मला दर वेळी अर्धा दिवस लागतो. सुरुवात मराठीत होते, मधे हिंदी शिरते, शेवट खानदेशी होतो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

"दादा, तू इतका वाळला कसा?" शोभाने दारातच विचारलं. "आणि हे काय? आइस्क्रीम आणलं का?"

मी बाटली दाखवली. पाच धातू आहेत म्हणालो.

"पंचधातू!" दाजी म्हणाले. "मूर्तीचा असतो तो. मग पाहुणे, वितळवलं कुठे? प्लॅटिनमला भट्टी केवढी लागेल!"

"वितळवत नाहीत. धातूंचे क्षार असतात, ते विरघळवून गरम द्रवात सोडतात. क्षणात काळं होतं."

"मिठासारखं?"

"तसंच काहीतरी."

"आणि त्या मिठाचा परत धातू होतो?"

"होतो म्हणते."

दाजींनी बाटली डोळ्यांजवळ धरली. आयुष्यभर बांबूचा लगदा करून कागद काढलेला माणूस, त्यांना वस्तूचं रूप बदलण्याचं नवल नाही. पण धातूचं मीठ आणि मिठाचा धातू हे त्यांनाही जड गेलं. शोभाला नाही गेलं. ती म्हणाली, "पंचधातू आहे ना? मग देवापाशी ठेवते. टेन्शन कायको लेता रे दादा."

देवघरात समई होती. मी थर्मामीटर लावला, अडतीस. शोभा रुसली. मग फ्रिज पाहिला. जावळासाठी आणलेला मावा, कापलेली कलिंगडं आणि शेजाऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या यांनी तो कोंबलेला होता. मागच्या भिंतीपाशी शून्य, तिथे दही गोठलं होतं. दाराच्या कप्प्यात बावीस, कारण घरात बारा माणसं आणि प्रत्येकाला दर पाच मिनिटांनी पाणी. माझ्या पेटीतला बर्फ वितळत आला होता आणि संध्याकाळी वीज जाते, असं कळलं.

"पाहुणे," दाजी म्हणाले, "सतरा डिग्री चालेल का?"

"चालेल की!"

"पक्की सतरा. रात्रंदिवस. वीज गेली तर जनरेटर. चला."

लालबागच्या बाहेर रस्त्यालगत त्यांचे मित्र भगवानभाऊ यांची केळी पिकवायची खोली आहे. सगळे तिला चेंबर म्हणतात. बुऱ्हाणपूरचा बहुतेक माल हिरवाच ट्रकमध्ये भरून बाहेर जातो, पण आसपासच्या बाजारासाठी काही व्यापारी इथे पिकवून नेतात. जाड भिंती, जाड दार, आत पत्र्याच्या छताखाली गार वारा सोडणारी यंत्रं आणि कॅरेटवर कॅरेट हिरवी केळी. दहा मिनिटं थांबून मी थर्मामीटर वाचला. सतरा. पुन्हा वाचला. सतरा. त्या उन्हाच्या गावात असा स्थिर आकडा पाहून मला फार समाधान वाटलं.

भगवानभाऊ हसतमुख, आडवे, कानात सोन्याची भिकबाळी. "भाऊ, केळीला पण तसंच असतं," ते म्हणाले. "थंड पाहिजे पण जास्त थंड नको. बारा-तेराच्या खाली गेली की साल काळी पडते. मग कोणी हात नाही लावत. बाटलीला इथं काही नाही होणार. बाटली थोडीच पिकणार आहे!"

मी बाटली दाराजवळच्या कॅरेटच्या कोपऱ्यात, कापडात गुंडाळून उभी ठेवली. केतकीला फोन केला: सतरा अंश, अंधार, स्थिर. ती म्हणाली, "बाबा, आमच्या लॅबपेक्षा बरं आहे." रात्री मी गाढ झोपलो. खोली किती थंड आहे हे मी तीनदा विचारलं होतं. खोलीत थंडीशिवाय आणखी काय असतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

राजघाट आणि बुधवारा, रविवार

जावळ तापीवर राजघाटाला झालं. आमच्याकडे मामा मांडीवर घेतो आणि न्हावी पटकन काम उरकतो. इथे पहिली बट आत्या आपल्या पदरात झेलते, ती कणकेच्या गोळ्यात ठेवते आणि गोळा नदीत सोडते. पोरगं असं रडलं की घाटावरच्या तीन अनोळखी बायका त्याला खेळवायला आल्या. पाणी खाली गेलं होतं, पायऱ्या तापायला लागल्या होत्या, आणि आम्ही सगळे अनवाणी पायांनी उड्या मारत सावलीकडे पळालो.

तिथून बुधवाऱ्यात मावा जिलबी खायला. ती साध्या जिलबीसारखी नसते. जाड, काळपट, आत माव्याचा गर. दाजींनी माझ्या पानात चौथी टाकली आणि म्हणाले, "खा पाहुणे, तुमच्या बाटलीसारखीच काळी आहे." मी तिसरीवरच थांबायला हवं होतं. जिलबीच्या दुकानातच भगवानभाऊ भेटले.

"काय भाऊ, निघणार ना सकाळी?"

"पहाटेच्या बसने. त्याआधी बाटली घ्यायला येतो."

"पहाटे?" त्यांनी जिलबी खाली ठेवली. "पहाटे नाही जमणार. सकाळी गॅस सोडेल आहे ना. चोवीस तास दार बंद. उद्या दहाच्या नंतर या आरामसे."

"कसला गॅस?"

"पिकवायचा. नाहीतर केळी अशी एकसारखी पिवळी होईल का? दोन-तीन दिवसात सगळा माल एका रंगाचा."

"नाव काय गॅसचं?"

"एथिलीन लिहेल असतं सिलेंडरवर."

मी दुकानाबाहेर येऊन केतकीला फोन लावला. नाव ऐकल्यावर तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "बाबा, स्पीकरवर टाकू नका आत्ता." मग म्हणाली, "एथिलीन प्लॅटिनमवर बसतो. हायड्रोजन जिथे बसायला हवा, त्याच जागेवर बसतो."

"पण बाटली बंद आहे."

"झाकणाला मी सुई घातलीय. रबर मिटलं असेल. बहुतेक मिटलं असेल."

"मग बहुतेक काही झालं नसेल?"

"बहुतेक नाही. पण बहुतेक असं लिहिता येत नाही ना."

गॅस हवेत किती प्रमाणात असतो ते मी भगवानभाऊंना विचारून आलो. दहा हजारांत एक भाग. त्यातला रबराच्या अदृश्य छिद्रातून किती जाईल? बाटलीत कण किती? मी जिलबीच्या कागदावर आकडे मांडायला बसलो. कणांची संख्या इतकी शून्यांची निघाली की गॅस कमी पडेल असं एका बाजूने वाटे. लगेच दुसऱ्या बाजूने वाटे की गॅसच्या रेणूंची संख्याही तशीच असणार. दोन्हीकडे शून्यंच शून्यं, आणि मधल्या छिद्राचा आकार ठाऊक नाही. मी आयुष्यात इतका वेळ हिशेब करून इतकं कमी कधी समजून घेतलं नव्हतं.

तासागणिक गॅस लागणार, म्हणजे बाटली आत्ता काढली तर बरं. आणि सकाळी दहापर्यंत थांबलो तर इंदूरची वेळ जाणार. म्हणजे काढायलाच हवी. आम्ही स्कूटरवरून चेंबरपाशी गेलो. शोभाही मागून रिक्षाने आली, जावळाच्या नव्या साडीत.

"भाऊ, ऐका," भगवानभाऊ दाराला पाठ लावून म्हणाले. "माल माझा नाही. व्यापाऱ्याचा आहे. परवा खंडव्याला लग्नात जाणार. आत्ता दार उघडलं तर गॅस उडून जाईल. दाराजवळची केळी हिरवी राहील, आतली पिवळी. एका फणीत दोन रंग. तो माणूस मला काय बोलेल?"

"बाटली दाराजवळच आहे," मी म्हणालो. "हात घालून काढू."

"दार किती मोठं आहे बघा ना. हात घालायची जागा कुठे?"

"मग कशाला ठेवली रे तिथे!" शोभा दाजींवर उसळली. "देवापाशी ठेवायची म्हणत होते मी. देव काय गॅस सोडतो?"

"देवापाशी अडतीस डिग्री होती, ते म्हणून राहिले ना," दाजी पुटपुटले.

"मोठे आले डिग्रीवाले दोघं."

मी केतकीला पुन्हा फोन लावला होता, तो हातात स्पीकरवर सुरूच होता. केतकीचा आवाज आला, "बाबा, त्यांना दार उघडायला लावू नका."

"अगं, पण सोमवारची वेळ?"

"वेळ गेली तर जाऊ द्या. झालं असेल ते झालं असेल. माझं गेलं तर सरांना सांगता येईल की मला माहीत नाही काय झालं. त्यांना व्यापाऱ्याला असं सांगता येणार नाही."

भगवानभाऊंनी हे ऐकलं. ते फोनकडे वाकले. "बेटा, तुझं हे काम किती वर्षांचं?"

"तीन झाली, काका."

"माझी केळी तीन दिवसांची." मग ते माझ्याकडे वळले. "व्हा बाजूला, भाऊ. मी म्हणतो तेव्हाच आत. श्वास घेऊन ठेवा, बोलू नका."

दार उघडलं. गार, हिरवा, किंचित गोड वास अंगावर आला. मी दोन पावलं आत गेलो, कापडाची गुंडाळी उचलली, बाहेर आलो. दार बंद. भगवानभाऊंनी लगेच नव्याने गॅस सोडायची तयारी सुरू केली. मी त्या वेळी त्यांना काय म्हणालो ते आठवत नाही. बाटली उन्हात धरून पाहिली. काळी. काल होती तितकीच काळी.

शोभाने शेजारच्या पानवाल्याकडून बर्फ आणून पेटीत भरला. संध्याकाळी वीज गेली. मी ओसरीवर बसून पेटीत थर्मामीटर घातला आणि बर्फाचे तुकडे काढत-घालत आकडा दहा आणि पंधराच्या मधे ठेवला. दाजी बाजूला बसून पेपरने वारा घालत होते. मला की पेटीला, ते कळत नव्हतं.

इंदूर, सोमवार

पहाटेच्या बसमध्ये असीरगडाचा घाट लागेपर्यंत गारवा होता. पुढे रस्त्याचं काम, धूळ, आणि मोरटक्क्याच्या पुलावर उभी राहिलेली रांग. नर्मदा दिसली तेव्हा बसमधल्या बायांनी नाणी टाकली. एकीने मलाही एक नाणं दिलं. माझे दोन्ही हात पेटीवर होते, म्हणून तिनेच माझ्या वतीने टाकलं.

संस्थेतल्या यंत्रावर रुची नावाची मुलगी काम करत होती, केतकीच्याच वयाची. तिने बाटलीतला एक थेंब तांब्याच्या टिकलीएवढ्या जाळीवर टाकला, वाळवला आणि यंत्रात सरकवला. पडद्यावर करडं धुकं आलं. मग धुक्यात काळे ठिपके आले, सुटेसुटे, राईच्या दाण्यांसारखे.

"देखिए अंकल," ती म्हणाली. "सब अलग-अलग हैं. बहुत सुंदर."

मी पडद्याच्या एका कोपऱ्यातले ठिपके मोजले. एकही दुसऱ्याला चिकटलेला नव्हता. घाम पुसला. मग विचारलं, "और गैस का असर?"

"वो इसमें नहीं दिखेगा. वो दूसरे टेस्ट में."

दुसऱ्या खोलीत तिने एका काळ्या कांडीच्या टोकावर थेंब वाळवला आणि कांडी पाण्यासारख्या द्रवात बुडवली. विजेचा दाब हळूहळू वाढवला. टोकावर बारीक बुडबुडे धरू लागले, सुटू लागले. तो हायड्रोजन. मी वाकून पाहत होतो. ज्याच्यासाठी हे सगळं, ते सोड्याच्या बाटलीत दिसतं त्याहून वेगळं दिसत नव्हतं.

पुण्यात ताज्या नमुन्याचा जो आकडा आला होता, त्याहून इथे साधारण एक दशांशाने कमी आला. रुचीने पुन्हा चालवलं. थोडा वर आला. तिसऱ्यांदा आणखी थोडा. पहिल्याइतका झाला नाही.

"गैस की वजह से?" मी विचारलं.

"हो सकता है. यहाँ की कांडी अलग है, वो भी हो सकता है. सफ़र भी हो सकता है. कुछ नहीं कह सकते, अंकल."

मग ती अहवाल लिहायला बसली आणि विचारलं, "सैंपल रखा कहाँ था बीच में?"

मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. "केले के चेंबर में?" ती हसली नाही, थोडी घाबरली. "अंकल, मैं 'ठंडी जगह' लिख दूँ? ग़लत तो नहीं है. पिक्चर इतनी अच्छी आई है. केला लिखूँगी तो केतकी के सर इस नंबर को मानेंगे नहीं."

थंड जागा. सतरा अंश. खोटं तर नव्हतंच. माझ्या मुलीची तीन वर्षं त्या दोन शब्दांवर उभी राहू शकत होती. दूध घालणारे आमच्याकडे येतात. एखादा म्हणतो, चरवी धुतलेलं पाणी असेल हो, मी मुद्दाम नाही टाकलं. तोही खोटं बोलत नसतो. आणि तरी मी त्याच्या दुधाची लॅक्टोमीटरवरची डिग्री आहे तशी लिहितो. एवढं आठवलं, म्हणून मी म्हणालो, "केले का चेंबर लिखिए. गैस का नाम भी लिखिए."

रुचीने लिहिलं. लिहिताना एकदा माझ्याकडे पाहिलं, आपल्याकडे वरण सांडणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाहतात तसं.

परत

बसस्टँडवरून केतकीला चित्र चांगलं आल्याचं सांगितलं. ती ओरडलीच आनंदाने. मग रुची थंड जागा लिहीत होती आणि मी केळीचं लिहायला लावलं, हेही सांगितलं.

"बाबा," ती म्हणाली. "थंड जागा खोटं नव्हतं."

"खरं आहे."

"मग?"

"पूर्ण नव्हतं," मी म्हणालो.

"मला माहीत आहे पूर्ण नव्हतं! मी सरांना तोंडी सांगणार होते. माझ्या पद्धतीने. तुम्ही माझ्या अहवालात लिहून मोकळे झालात." आणि फोन ठेवला.

मी परतीच्या वाटेवर पुन्हा शोभाकडे उतरलो. मंगळवारी संध्याकाळी, माल गेल्यावर, भगवानभाऊंना भेटलो. दाराजवळची काही कॅरेट मागे राहिली होती, त्यांनी ती बाजूला काढून घरी वाटली. शोभाकडेही चार फण्या आल्या होत्या, एका बाजूने पिवळ्या, एका बाजूने पोपटी. व्यापारी काय बोलला ते त्यांनी सांगितलं नाही. "लग्नाला पुरला माल," एवढंच म्हणाले. मी पैशांचं काढलं तर हात जोडून म्हणाले, "पोरीचं काय झालं ते सांगा ना आधी."

चित्र चांगलं आलं, आकडा कमी आला, एवढं सांगून मी उठलो.

घरी आलो तेव्हा केतकीच्या खपल्या धरल्या होत्या. दोन दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलली. मग पुण्याला गेली. सरांनी अहवाल वाचला. चित्र मान्य केलं, आकडा मान्य केला नाही. कण नीट बनतात एवढं सिद्ध झालं म्हणून विषय सोडायला सांगितला नाही, पण तीच खेप पुन्हा बनवायची आणि आकडा पुन्हा घ्यायचा. दिवाळीपर्यंत मुदत. थंड जागा लिहिलं असतं तर कदाचित हे सगळं टळलं असतं. कदाचित नसतंही. माझ्यामुळे तिचं काम वाढलं की वाचलं, हा हिशेब मी अनेकदा मांडला आणि दर वेळी वेगळं उत्तर आलं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. सूर नेहमीचा.

"बाबा, भगवानकाकांचा नंबर द्या."

"कशाला?"

"या वेळी जमलं तर दोन बाटल्या नेणार आहे. मीच जाणार. एक शोभाआत्याकडे बर्फात, एक त्यांच्या चेंबरमध्ये. चोवीस तास, त्यांच्या वेळेप्रमाणे, दार न उघडता. मग दोन्हींचा आकडा घेईन."

"मुद्दाम ठेवणार? गॅसमध्ये?"

"मग कळणार कसं? सर म्हणाले, आता केळीचं लिहिलंच आहे तर केळीचं उत्तरही द्यावं लागेल."

मी नंबर दिला. शोभाच्या फ्रिजबद्दल सावध केलं. मग विचारलं, "पण खेप जमली का तशी?"

"आज सकाळी केली."

"काळी झाली?"

"काळी झाली."

"तशीच काळी?"

"ते मला कुठे दिसतंय, बाबा," ती म्हणाली.